गादीतला साप अन् आबाजींच्या पाच चांदण्या

आराम गादी कारखाना,
गडचिरोली.
बुधवार, संक्रांत होऊन गेल्यावर

आदरणीय पत्रूभाऊ,

तुम्हाले माझा जय सेवा, सोनीबाईले सलाम, अन् हे पत्र चुलीजवळ बसून तुम्हाले वाचून दाखवणाऱ्या रंजीताले खूप खूप आशीर्वाद. (रंजीता, बेटा, कंसातलं मोठ्यानं वाचू नको. कंस फक्त तुझ्यासाठी आहे. हे बी नको वाचू.) तुमचा गुडघा का म्हणते? मी कापूस पिंजून शिवून दिलेली रुईची पट्टी बांधून राह्यले, का तशीच खुंटीले टांगली? बैलाचा पाय बरा झाला का? इथी आम्ही सगळे खुशाल आहो, म्हणजे जिवंत आहो, खुशालीचं पुढं वाचाल तं समजन. फोनच्या जमान्यात पत्र काऊन लिहून राह्यला हा माणूस, असं तुम्ही म्हणान. तं भाऊ, आमच्या कहकशाँनं रंजीताचा नंबर इतक्या वेळा लावला, का ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ सांगणारी ती बाई आता आमच्या घरातलीच वाटाले लागली. कहकशाँची अम्मी खैरुन तं तिच्यासोबत भांडते बी. म्हणून हे पत्र तुमच्या गावच्या मुक्कामी बसच्या कंडक्टरच्या हाती देऊन राह्यलो. त्याले चहा पाजा. मी बी पाजला आहे, पण तो सांगणार नाई.

आता मुद्दा. तुम्हाले माहीत आहे, लोकं आजकाल फोमच्या गाद्यांच्या मागं पागल झाले. फोमची गादी म्हणजे का आहे हो? त्यात जीव नाई, ऊब नाई, बसलं तं खाली जाते अन् उठलं तं वर येते, जसं का आपल्याले कोणी चिडवूनच राह्यलं! पण लोकं घेते. माझ्या बापाची पिंजायची मशीन अर्धा दिवस मुकी बसते, अन् तिच्यासोबत मी बी. अशात मार्कंड्याहून निरोप आला. तिथी जत्रेच्या आधी एक नवं लॉजिंग उघडून राह्यलं. मालकीण दिव्यानी नावाची मोठी हुशार पोट्टी आहे, अन् तिले सगळ्या खोल्यांसाठी रुईच्या गाद्या अन् सावरीच्या कापसाच्या उशा पाहिजेत, एकाच दुकानातून. भाऊ, हे काम भेटलं तं मशीन चालते. नाई भेटलं तं मशीन भंगारवाल्याले द्यावी लागन अन् मी फोमच्या कंपनीचा बोर्ड लावून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसीन. अन् मंग तुमच्या माळ्यावरचा सावरीचा कापूस कोण घेईन? फोमवाला? त्याले सावर झाड आहे का गाव आहे हे बी माहीत नाई. पण दिव्यानीची एक अट होती. ती दुकान आधी फोनमध्ये पाहाणार, मंग डोळ्यानं.

तं कहकशाँनं दुकान फोनमध्ये टाकलं. मले म्हणे अब्बा, जे दुकान फोनमध्ये नाई ते गावात बी नाई. मी म्हटलं, अरे वा! मंग तुझा बाप रोज सकाळी कोणत्या गावात झाडू मारते? पण आजकालच्या पोरींसमोर बापाचं का चालते? (रंजीता, इथी तुझ्या बापाकडं पाहून मान हलव.) तिनं दुकानाचा फोटो टाकला, त्यात मी डोळे मिटून उभा आहो, अन् सगळ्या गिऱ्हाईकाईले सांगतलं का चांदण्या द्या, रिव्ह्यू लिहा. बाप्पा! लोकाईनं काय प्रेम दाखवलं भाऊ! पाच, पाच, पाच, सगळ्याईनं पाचच चांदण्या. एकानं लिहिलं का झोप इतकी लागली का एस्टी सुटली, तरी तक्रार नाई. अन् चामोर्शीकडच्या एका घरानं असं लिहिलं: ‘आमचे आबाजी आपल्या गादीवर झोपले ते उठलेच नाई. चेहऱ्यावर फार समाधान होतं. मनापासून आभार.’ अन् पाच चांदण्या! मी तं वाचून खाली बसलो. अन् त्याच्या खाली आमच्या कहकशाँनं, जी सगळ्याईले एकच ठरलेलं उत्तर चिकटवते, लिहून ठेवलं होतं: ‘आपला अनुभव ऐकून आनंद झाला. पुन्हा सेवेची संधी द्या.’ मी तिले म्हटलं, अगे बाई, आता त्या घरी कोणाची पाळी आणते तू? तं म्हणे अब्बा, आता काढलं तं वाईट दिसते.

तरी पाच म्हणजे पाच. मी फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवाले लागलो, पडदा बाहेरच्या बाजूनं, म्हणजे येणाऱ्या जाणाऱ्याले दिसलं पाहिजे. अन् तिथूनच सगळं बिघडलं. मशीनचा पट्टा तुटला. नवा लावला, तो बी तुटला. एका लग्नाच्या रुखवताची गादी शिवून ठेवली होती, तिच्यावर मांजरीनं पिल्लं दिले. (नवरीवाल्याईले सांगतलं तं म्हणे, फार शुभ आहे, पण गादी दुसरी द्या.) अन् एक दिवस मी गादीची कड शिवता शिवता आपल्याच सदऱ्याचं टोक गादीले शिवून टाकलं. तेवढ्यात शाळेतले मास्तर आले, मी सलाम कराले उठलो, तं गादी बी माझ्यासोबत उठली. मास्तर म्हणाले, वा मुश्ताकभाई, तुमच्या गाद्याईले बी मोठी अदब आहे!

झालं. खैरुननं निदान केलं. नजर लागली. अन् माणसाले नाई, फोनले. तिनं मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या, दुसऱ्या हातात फोन धरला, अन् ओवाळाले लागली. तेवढ्यात फोन वाजला, तिच्या अंगठ्यानं तो उचलल्या गेला, अन् पलीकडच्या गिऱ्हाईकानं ‘ज्याची नजर लागली त्याचे डोळे फुटो’ हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते गिऱ्हाईक काई पुन्हा आलं नाई. मिरच्या सिगडीत टाकल्या तं ठसका बी नाई! खैरुन कपाळाले हात लावून बसली, म्हणे नजर लय जबर आहे, साध्या मिरचीनं उतरत नाई. मी म्हटलं, मिरच्याच जुन्या असतीन. तं माझ्यावर अशी उखडली का विचारू नका. म्हणे, लेकरू साजरं दिसलं तं आपण गालाले काजळाचा टिपका लावतो का नाई? घर बांधलं तं काळी बाहुली टांगतो का नाई? ट्रकवाला मागं जुना जोडा बांधते का नाई? अन् तुमचं दुकान पाचच्या पाच चांदण्या घेऊन उघडं नागडं दुनियेसमोर उभं आहे, त्याले एक बी काळा टिपका नाई! पत्रूभाऊ, याचं उत्तर तुमच्याजवळ असन तं कळवा.

तं तिनं काय केलं? समोर चहाची टपरी चालवते ती मीराबाई, तिले सांगतलं का बाई, आमच्या दुकानाले फोनवर एक वाईट रिव्ह्यू दे, लहानसाच, टिपक्याएवढा. मीराबाईनं लगेच आपल्या पाच चांदण्यांची एक केली अन् लिहिलं: ‘रजई घेतली, थंडी वाढली.’ अन् योगायोग म्हणा का काई म्हणा, दुसऱ्याच दिवशी पट्टा टिकला! मशीन धडधड चालाले लागली. आता मीराबाईच्या टपरीवर सांगतलेली गोष्ट म्हणजे पुऱ्या बाजारात ढोल वाजवल्यासारखंच. जो चहा प्याले आला त्याले समजलं का मुश्ताकभाईच्या दुकानाले नजर लागली, टिपका लावा लागते. अन् आपले लोकं कसे आहे तुम्हाले माहीतच आहे, एखाद्यासाठी जीव टाकतीन, पण मोजून नाई टाकणार. बाजारातल्या सगळ्याईनं आपापल्या पाच चांदण्या काढून एक एक केली. ‘गादी एकदम भंगार. खैरुनभाभीले सलाम.’ ‘उशीत दगड निघाले. अजून दोन उशा पाहिजेत, शुक्रवारी येतो.’ ‘दुकानदार महा उद्धट आहे. हे लिहाले हात धजत नाई, पण आपला माणूस आहे म्हणून लिहून राह्यलो.’ मंग लोकाईत चढाओढ लागली. एकजण दुकानात येऊन मलेच विचारते, मुश्ताकभाई, ढेकूण लिहू का उंदीर? तुम्हाले का चालन?

अन् एक दिवस सगळ्याच्या वर साप निघाला. ‘गादीतून नाग निघाला. फणा काढून उभा. घरातले सगळे पळाले. गादी चांगली आहे.’ हा साप कोणी सोडला ते खाली सांगतो, सध्या एवढंच का माणूस लय जवळचं आहे. (रंजीता, खाकरू नको, वाचत राहा.) वाचणाऱ्याईले तो इतका आवडला का जो तो त्याच्यावर अंगठा दाबाले लागला, म्हणून फोनमध्ये दुकान उघडलं का आधी साप दिसते अन् मंग मी. अन् सापाच्या खाली कहकशाँचं उत्तर: ‘पुन्हा सेवेची संधी द्या.’

हे सगळं दिव्यानीनं पाह्यलं. पाहून ती गप बसली असती तं बरं झालं असतं, पण ती मार्कंड्याहून थेट दुकानात आली, अन् सोबत घेऊन आली एक सर्पमित्र! हातात आकडा, पायात ढोपरापर्यंत बूट. दिव्यानी उंबरठ्याच्या बाहेरूनच म्हणाली, आधी साप, मंग भाव. माझं तं डोकंच सटकलं. बापाच्या वेळेपासून या दुकानात उंदराची हिंमत झाली नाई, अन् हा माणूस माझ्या गाद्याईले आकड्यानं टोचून राह्यला! पण गिऱ्हाईक आहे, का करता? त्यानं एक एक गादी टोचली, उलटली, हुंगली, अन् शेवटच्या गादीवर आडवा पडून कान लावला. म्हणे, आत सरसर होते का ऐकतो. आम्ही सगळे श्वास धरून उभे. अन् एकदम गादीतून आवाज आला, फुस्स… फुस्स! दिव्यानी किंकाळी मारून शिलाई मशीनच्या टेबलावर चढली, खैरुन तिच्या मागं चढली, मी चढत होतो पण जागा राह्यली नाई. कहकशाँ तेवढी जवळ गेली अन् म्हणाली, अब्बा, हा माणूस घोरून राह्यला. सर्पमित्र गाढ झोपला होता भाऊ! बूट घालून!

तिथून मामला जरा नरम पडला. दिव्यानी टेबलावरच बसून सगळे रिव्ह्यू वाचाले लागली, अन् मले विचारते, काका, हे लोकं तुम्हाले शिव्या देऊन राह्यले, तं मंग शेवटी भाभीले सलाम काऊन सांगते? मी सगळं खरं सांगून टाकलं. नजर, मिरच्या, टिपका, सगळं. ती इतकी हसली, इतकी हसली, का तिच्या ओढणीचा कोपरा तोंडात गेला. म्हणे काका, मले गाद्या पसंत आहे, उशा बी पसंत आहे, पण लॉजिंगात माझ्या नागपूरच्या काकाचा बी हिस्सा आहे, अन् ते गादी पाहात नाई, फोनमधला आकडा पाहाते. सोमवारपर्यंत चाराच्या वर आणा. सर्पमित्राले उठवाले मात्र तिले बराच वेळ लागला. जाता जाता त्यानं स्वतःसाठी एक गादी सांगतली.

मी निघालो घरोघरी. भाऊ, टिपके लावणं सोपं आहे, पुसणं महा कठीण! कोणी ऐकाले तयार नाई. मीराबाई म्हणते, माझ्या टिपक्यानं मशीन चालू झाली, माझा कसा काढता? बाकीच्याईचे काढा. दगडवाला म्हणते, दगडानंच नजर फुटली, मी दगड काढला अन् उद्या तुम्हाले काई झालं तं मी अल्लाले का तोंड दाखवू? जो तो आपलाच टिपका लागू पडला म्हणून अडून बसला. घरात खैरुन वेगळीच. म्हणे काढा सगळे, पण पट्टा तुटला तं मले हाक मारू नका. मी हात जोडले, मार्कंड्याचं सांगतलं, मशीन भंगारात गेली तं माझा जीवच जाईन असं बी सांगतलं. खोटं नव्हतं भाऊ. सांगता सांगता माझे डोळे भरून आले, तेव्हा कुठी लोकं पाघळले. अन् पाघळले ते असे पाघळले, का एकाच दुपारी सगळ्याईनं आपापला रिव्ह्यू पुरा पुसून टाकला! एकाची पाच करा म्हटलं होतं मी. यांनी मुळासकट उपटून फेकला. पुन्हा पाच द्या म्हटलं तं म्हणे, मुश्ताकभाई, दे म्हणता दिल्या, काढ म्हणता काढल्या, आता आम्हाले आमचे धंदे आहे का नाई?

तं आता परिस्थिती अशी आहे. फोनमध्ये दुकानावर फक्त दोन रिव्ह्यू उरले. एक चामोर्शीच्या आबाजींचा, पाच चांदण्या. दुसरा सापाचा, एक. कहकशाँनं बेरीज करून भागाकार केला, आले तीन. म्हणजे माझ्या बापाच्या दुकानाची इज्जत एक गेलेला म्हातारा अन् एक नसलेला साप या दोघाईत अडकली आहे. साप गेला का आबाजी एकटेच, पाचच्या पाच! साप राह्यला तं मी प्लास्टिकच्या खुर्चीवर.

बाकी इकडं थंडी बरी आहे. खैरुन सोनीबाईची आठवण काढते, मी तुमची काढतो. लहानमोठ्याईले प्यार. चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमचा,
मुश्ताक
(सध्या तीन चांदण्या)

ता. क. आता खरं काम सांगतो. साप आपल्याच घरचा आहे भाऊ. मागच्या बाजाराले सोनीबाई आमच्याकडं थांबल्या, तेव्हा खैरुननं त्याईले नजरेचं सांगतलं. त्या म्हणाल्या, मुश्ताकभाईसाठी एवढं नाई करू का? अन् टिपका लावायचा तं दुरून दिसला पाहिजे! त्याईनं तोंडानं सांगतलं, रंजीतानं आपल्या फोनवर लिहिलं. (बेटा, इथी तुझा आवाज बारीक झाला असन, काई हरकत नाई.) सोनीबाईले रागावू नका, माझ्यावर इतकी माया दुसऱ्या कोणी केली नाई, नाग काई असा तसा माणूस काढत नाई. फक्त रंजीताले उद्या सकाळीच रेंजवाल्या टेकडीवर पाठवा अन् साप काढून टाका. एक बोट दाबायचं काम आहे. गुडघ्यासाठी तुम्ही खालीच थांबा. पण काढा भाऊ. सोमवारच्या आत काढा. पाया पडतो.

ता. क. दुसरा. थांबा, थांबा, काढू नका! पाकीट चिकटवत होतो अन् दिव्यानीचा फोन आला. तिच्या नागपूरच्या काकाईनं आजच फोनमध्ये दुकानाचं पान उघडून पाह्यलं. आबाजी वाचले, साप वाचला, तीन चांदण्या पाह्यल्या अन् म्हणाले, हेच दुकान पक्कं कर. सगळे पाच असले म्हणजे घरच्याईनंच टाकले समजायचं, जिथी साप लिहिणारं कोणी आहे ते दुकान खरं. आता त्याईले मी कसं सांगू का साप लिहिणारंच माझं घरचं आहे? ऑर्डर पक्की, पत्रूभाऊ! मशीन राह्यली! मी दुकानात एकटा नाचलो, मीराबाईनं समोरून पाह्यलं, पाहू दे. नवीन पत्र लिहिणार होतो पण हात दुखून राह्यला, म्हणून हेच धाडतो. आता काम एकच. माळ्यावरचा सगळा सावरीचा कापूस बसनं पाठवा, सगळा, बोंडं निवडून. अन् हो, दिव्यानीनं फोन ठेवता ठेवता सांगतलं का तिनं बी आपल्याकडून एक चांदणी दिली, ‘उशी टोचते’ असं लिहून. म्हणे काका, इतकं मोठं काम भेटलं, नजर नको लागाले. आम्ही आता अडीचच्या बी खाली आहो. कहकशाँ कोपऱ्यात डोकं धरून बसली आहे.

ता. क. तिसरा, हा खैरुनचा. सोनीबाई, हे बस लागली का पाहाले गेले तेवढ्यात पाकीट फोडून लिहून राह्यली. ऑर्डरचं यांनी आनंदाच्या भरात लिहून टाकलं, तुम्ही मात्र कोणाले काई सांगू नका. कापूस बसवर चढवताना गावचे लोकं विचारतीनच का एवढा कापूस कुठी चालला. तं तोंड पाडून सांगजा, मुश्ताकभाईचं दुकान बुडालं.